वीणेच्या पट्टीतली चिठ्ठी

उरवड्याच्या मारुतीपुढे सप्ताह बसला होता, पण कोंडिबाचं मन काही बसत नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा चैत्र. मांडवाला आंब्याचे डहाळे, जमिनीवर शेणाचा सडा, आणि मधोमध वीणा. सप्ताहातली वीणा म्हणजे काय, हे ज्याने ती गळ्यात घेतली त्यालाच कळतं. सात दिवस ती भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. मध्ये वाऱ्यालाही फट नाही. ती गळ्यात असताना बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, मुखी रामकृष्ण हरी तेवढं चालू ठेवायचं. दोन तासांनी पुढचा पहारेकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा पुढे जाते. देव कुठे दिसत असेल तर त्या पाया पडण्यात दिसतो, असं म्हणतात. आणि खोटं नाही ते.

दुपारी बारा ते दोनचा पहारा कोंडिबाचा. एकोणीस वर्षं तो दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. मांडव तापलेला, पोटात भूक, म्हणून तो पहारा कुणी मागत नसे. कोंडिबाने मागून घेतला होता. कीर्तनाचं त्याला असं वेड की पौडला कीर्तन आहे म्हटलं की औत अर्ध्या वावरात सोडून गडी चालत निघायचा. लिहिणं-वाचणं सहीपुरतं, पण दृष्टांत म्हणाल तर शे-दीडशे तोंडपाठ.

यंदा त्याच्या आधीचा, दहा ते बाराचा पहारा वाल्मीकला दिला होता. वाल्मीक मूळचा घोटावड्याचा, पंचवीस वर्षांचा. उरवड्यात नवे कारखाने उभे राहू लागले तसा तो मावशीकडे राहायला आला आणि यंत्रावर कामाला लागला. त्याची पाळी तीनला सुरू व्हायची, रविवारची तेवढी त्याने रजा काढली होती. उंचापुरा, कमी बोलणारा, नजर खाली. आणि रविवारी, काल्याच्या संध्याकाळी, त्याचा कोंडिबाच्या थोरल्या लेकीशी, अनुसयेशी, साखरपुडा ठरला होता. पाहुण्यांना सांगून झालं होतं, पण सुपारी अजून फुटायची होती. तोवर बापाला ‘नाही’ म्हणायची मुभा असते. एकदा फुटली की पोरीचा जन्म त्या घरात. म्हणून तर कोंडिबाने वाल्मीकला आपल्या आधीचा पहारा मिळवून दिला होता. वीणेपुढे माणूस कळतो, असं तो म्हणायचा.

आणि सोमवारी, पहिल्याच दिवशी, त्याला खटकलं.

कोंडिबा वेळेआधी येऊन खांबाला टेकून बसला होता. समोर वाल्मीक, वीणा छातीशी, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. पण एकोणीस वर्षं ज्याने तेच नाव घेतलं, त्याला ऐकू यावं लागत नाही. ओठ पाहिले तरी पुरतं. ‘राम’ म्हटलं की ओठ मिटतात. वाल्मीकचे मिटायचे तेव्हा मिटत नव्हते. मध्येच वरचे दात खालच्या ओठावर टेकत होते. रामकृष्ण हरीत दात ओठाला लावायला जागाच नाही! मग हा म्हणतोय काय?

मंगळवारीही तेच. शिवाय मध्येच डोळे उघडून तो खाली, वीणेच्या पट्टीकडे, चोरून बघत होता.

बाराला अजून अवकाश होता म्हणून कोंडिबा पाराजवळ आला तर तिथे बहिरू तंबाखू मळत बसलेला. गावातली कुठली सुई कुठल्या गंजीत पडली हे बहिरूला ठाऊक असायचं. नसलं ठाऊक तर तो स्वतः टाकायचा.

“जावई काय म्हन्तोय?” बहिरू म्हणाला.

“अजून व्हायचाय.”

“तेच म्हन्तो मी. अजून व्हायचाय तवर बघून घ्या. दर बेस्तरवारी कारखान्याला सुट्टी, आन दर बेस्तरवारी ह्यो बावधनला जातोय. मावशीला सांगतो दोस्ताकडं जातो. दोस्त कसला! म्हाताऱ्या मानसाच्या घरात शिरतोय. आमच्या मेव्हन्यानं डोळ्यानं बघितलंय. आतनं मंत्र म्हनल्यावानी आवाज येतोय म्हनं.”

“कोन म्हातारा?”

“ते काय पाटी लावून बसतेत व्हय, आमी करनी करतो म्हनून?”

कोंडिबा मांडवाकडे वळला. त्या दुपारी वीणा गळ्यात घेतली, मुखी नाम धरलं, आणि आत मात्र एकच चाललं होतं: दात ओठाला का लागतात? दात ओठाला का लागतात?

बुधवारी बाराला पाया पडून वाल्मीकने वीणा पुढे केली. कोंडिबाने पट्टी खांद्यावर ओढली तर पट्टीच्या अस्तरात काहीतरी कडक लागलं. बोट घातलं. चार घड्या घातलेला कागद. वाल्मीक तोवर वहाणा घालून निघून गेला होता.

आता बघा, माणसाची कशी कोंडी होते. वीणा गळ्यात, त्यामुळे हाक मारता येत नाही. खाली ठेवता येत नाही. जाता येत नाही. कोंडिबाने घडी एका हाताने उलगडली. एका बाजूला बारीक इंग्रजी, ओळीमागून ओळ. उलटून पाहिलं तर छापील तारीख, तिथी, वार. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं पान. आणि तारखेच्या आकड्यावर कुंकवाचा ठिपका.

कोंडिबाने ठिपक्यावर अंगठा फिरवला. तो ठिपका त्याच्या घरातला होता. गाय ज्या दिवशी फळली त्या दिवसावर त्याची बायको सारजाबाई कुंकू लावते. म्हणजे वासराचे दिवस मोजता येतात. ते पान भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवलेलं असायचं. ते इथे, वाल्मीकच्या चिठ्ठीत, वीणेच्या पट्टीत?

दोन तास तो कागद त्याच्या छातीला टोचत राहिला. टाळकरी समोर डुलत होते. कुणी आलं, वीणेच्या पाया पडून गेलं. कोंडिबा ‘रामकृष्ण हरी’ म्हणत होता आणि मनातल्या मनात एकेक दार उघडून बघत होता: चिठ्ठी बावधनच्या म्हाताऱ्याने दिली असेल. माझ्या गोठ्यावर काही केलं असेल. की माझ्या पोरीवर? आणि घरातलं पान बाहेर दिलं कुणी?

दोनला सुटला तो थेट घरी.

“खिळ्याचं पान कुटंय?”

सारजाबाई ताक घुसळत होती. “कसलं पान?”

“गाईचं.”

“हिकडंच असंल की. उंदरानं न्हेलं आसंल. तुमाला मदीच गाय कशी आठवली? सप्त्यात गडी देवाच्या नावात असतो म्हन्त्यात.”

अनुसया दारात ज्वारी पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला. इतकंच. नवीन दाणे न घेता ती रिकामं सूप हलवू लागली. कोंडिबाने ते पाहिलं, टोपी घातली आणि पिरंगुटच्या फाट्याकडे चालू लागला.

बावधन तेव्हा एवढंसं गाव. एसटीतून उतरून कोंडिबाने विचारलं, की घोटावड्याचा एक पोरगा दर गुरुवारी कुणाकडे येतो. एका बाईने बोट दाखवलं, “आनंदराव रिटायर झाल्यात त्यांच्याकडं. त्या वस्तीत, पयलं कौलारू.”

बोट बौद्धवाड्याकडे होतं. कोंडिबा थबकला. देवळात उभा राहून सगळे एक म्हणणाऱ्या संतांवर डोळे भरून येणारा माणूस. पण त्याची आजी जिथे जायचं नाही म्हणायची, तिथे पाय अजून आजीचंच ऐकायचे. मग त्याने खिशातली चिठ्ठी चाचपली आणि गेला.

ओटीवर चष्मा लावलेले गृहस्थ पेपर वाचत होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची मांडणी. लिंबू नाही, टाचणी नाही, राख नाही. कोंडिबा संशय घेऊन आला होता, तो ठेवायला त्याला जागाच सापडेना.

“मी उरवड्याचा कोंडिबा.”

“वीणेवाले?” आनंदराव उठलेच. “या, या. रंभा, चहा टाक.”

“तुमाला कसं ठावं?”

“तुमच्याबद्दल वाचलंय मी,” आनंदराव हसून म्हणाले.

कोंडिबाला ते काही उमगलं नाही. त्याने चिठ्ठी पुढे केली. “हे काय हाय ते सांगा. खरं सांगा. माज्या लेकीचा साखरपुडा हाय रविवारी. ह्या कागदात जर काय वंगाळ आसंल तर मला तो मोडायचाय.”

आनंदरावांनी कागद पाहिला, कोंडिबाकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं.

“हे इंग्रजी शब्द आहेत. पाच. दर गुरुवारी मी पस्तीस देतो, तो रोज पाच पाठ करतो.”

“इंग्रजी तर त्याला येतंय की. म्याट्रिक हाय.”

“गाय, कुत्रा, शाळा, पाऊस एवढं येतं. कारखान्यात सुपरवायझर घ्यायचेत, त्यांची लेखी परीक्षा असते. गेल्या वर्षी यंत्राचं सगळं उत्तर बरोबर आलं, आणि इंग्रजीच्या पानावर गडी आडवा. वरच्या इयत्तेचे शब्द होते, जड. मग फाट्यावरच्या पोरांनी त्याला वर्षभर ‘इंग्रज’ म्हणून चिडवलं. म्हणून यंदा कुणाला सांगितलं नाही त्याने.” आनंदराव चष्मा पुसू लागले. “मलाही असंच झालेलं. खडकीच्या डेपोत एकतीस वर्षं कारकुनी केली. पहिल्याच वर्षी साहेबाने माझ्या पत्रावर लाल शाईने लिहिलं, या माणसाकडे शब्द कमी आहेत. त्या दिवसापासून रोज पाच.”

“आन मंत्र?”

“पाठांतर. मोठ्याने म्हटल्याशिवाय शब्द जिभेला ओळख देत नाही. पण नुसता अर्थ पाठ केला की आठ दिवसांत उडतो. म्हणून माझी अट अशी की प्रत्येक शब्दाला एक वाक्य करायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. पुस्तकातलं नाही.”

“म्हंजी दृष्टांत,” कोंडिबाच्या तोंडून निघून गेलं.

“दृष्टांतच. तिथूनच उचलली मी ही रीत. लहानपणी कीर्तन खूप ऐकलंय. देवळाच्या बाहेर बसून,” आनंदराव म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी पुन्हा म्हटलं, “बाहेर.”

रंभाबाईंनी चहाचा कप पुढे ठेवला. कोंडिबा कपाकडे बघत राहिला.

“निवतोय, दादा,” रंभाबाई म्हणाल्या. “लई इचार केला की चहाबी निवतो आन मानूसबी.”

कोंडिबाने कप उचलला आणि बशीत न ओतता तसाच तोंडाला लावला. जीभ भाजली. बरं वाटलं.

“आता वाचा,” तो म्हणाला.

आनंदराव वाचू लागले. इंग्रजी शब्द, मग वाक्य मराठीत करून. “ऑब्स्टिनेट. हट्टी. वाक्य: आमचा तांबडा बैल ऑब्स्टिनेट आहे, पण मावशी त्याच्याहून.” कोंडिबाला हसू आलं. “मीगर. अपुरं, तुटपुंजं. दुष्काळात आमच्या घरची आमटी मीगर होती. अबंडन्ट, रगड: आता मावशीच्या परसात शेवगा अबंडन्ट आहे.” मग ते थांबले. चष्म्यावरून बघत म्हणाले, “पुढचं वाचू का?”

“वाचा.”

“मेटिक्युलस. बारीकसारीक जपून करणारा. वाक्य: मला लिहायला ती गावच्या हौदावर कॅलेंडरचं पान ठेवून जाते, बोलत नाही, पण मेटिक्युलस अशी, चार घड्या घालते आणि चारही काठ जुळलेले असतात.”

रिकामं सूप हलवणारी अनुसया कोंडिबाच्या डोळ्यापुढे आली. रागवावं असं त्याला वाटलं, राग आलाही. पण चारही काठ जुळलेले, हे खरंच होतं. भाकरीचा काठसुद्धा तिचा कधी फाटला नाही.

“पाचवा?”

“रेव्हरन्स.” आनंदरावांचे वरचे दात खालच्या ओठाला टेकले. कोंडिबा बघतच राहिला. “हा अवघड आहे. आदर म्हणावा तर कमी पडतो. देवळात शिरताना कुणी न सांगता वहाणा निघतात ना, ते. वाक्य ऐका: कोंडिबातात्या वीणा रेव्हरन्सने घेतात, एक दिवसाचं वासरू उचलावं तशी.”

आनंदरावांनी कागद कोंडिबाच्या हातात दिला, पुन्हा चार घड्या घालून.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीजवळ जागा मिळाली, पण त्याने बाहेर काही पाहिलं नाही. सोमवारी आपण वीणा कशी घेतली? मंगळवारी? या पोराने कुठल्या वर्षीचं पाहून लिहिलं असेल हे?

गुरुवारी बारा वाजले. कोंडिबा मांडवात शिरला तर माणसं नेहमीपेक्षा जास्त. वाल्मीक वीणा घेऊन उभा, आणि त्याच्यापुढे बहिरू.

“थांबा, तात्या,” बहिरू म्हणाला. “वीना घ्यायच्या आदी निकाल हुंद्या. म्या आज जवळ बसून ऐकलंय. ह्यो नाव घेत न्हाई. इंग्रजी बडबडतोय! मारुतीच्या म्होरं, सप्त्याच्या वीनेवर! इच्यारा त्याला.”

विचारणार कसं? वीणा गळ्यात. वाल्मीकला तोंड उघडता येईना. कानशिलं लाल झाली, डोळे कोंडिबाकडे लागले. बायकांच्या बाजूला अनुसया उभी होती, पदर दातात. सारजाबाईने तिचा दंड घट्ट धरला होता.

सप्ताहाचे कारभारी गेणबा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत पुढे आले. “कोंडिबा, तुजा व्हनारा जावई हाय. तू सांग. खरं हाय का हे?”

आणि कोंडिबाच्या ध्यानात आलं: आपण आता वीणा घेतली की आपलंही तोंड बंद. मग बोलणारा एकटा बहिरूच. बोलायचं तर आत्ताच.

“खरं हाय,” कोंडिबा म्हणाला.

मांडवात कुजबुज झाली. वाल्मीकने मान खाली घातली.

“परीक्षा हाय त्याची. त्याचे शबुद पाठ करतोय. इंग्रजीत पाप न्हाई, पर ती येळ नामाची व्हती. त्यानं चुकी केली. मी न्हाई म्हनत न्हाई.” कोंडिबाने टोपी काढून हातात घेतली. “पर आता माजं ऐका. त्याच्या तोंडात तरी इंग्रजी व्हतं. माज्या तोंडात रामकृष्ण हरी व्हतं आन मनात काय व्हतं? सोमवारपास्नं वीना गळ्यात घालून मी ह्याच्या चोऱ्या शोधतोय. ह्याचे दात, ह्याचा खिसा, ह्याची चिठ्ठी. तीन दिस मी देवाला नावानं फसवलंय. एकोनीस वर्सांचा पहारेकरी! कुनाला काडायचं आसंल तर आदी मला काडा.”

“आवं तात्या, तुमचं आन त्याचं येगळं,” बहिरू पुटपुटला.

“येगळंच हाय. त्याचं कमी हाय.”

गेणबा म्हणाले, “दोघांनीबी यंदा वीनेला हात लावायचा न्हाई. काल्यापोतूर टाळ घिऊन मागच्या रांगंत हुबं ऱ्हायाचं. आन बहिरू, तू. इतकं जवळ बसून ऐकलंस, तवा तुज्या तोंडात काय व्हतं? तंबाखू. तू मांडव झाडायचा.” एवढं बोलून त्यांनी काठी बाजूला दिली, वाल्मीकच्या पाया पडले, वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली, आणि डोळे मिटले.

वीणा गळ्यात आलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? संपला विषय.

मांडवाबाहेर कोंडिबाने खिशातून चिठ्ठी काढून वाल्मीकला दिली.

“तात्या, ही तुमच्याकडं...” वाल्मीकने घडी मुठीत धरली. “साखरपुडा मोडला का?”

“मोडायला बावधनला गेलतो. आनंदरावांच्या हितं चहा पिऊन आलो. रविवारी त्यांना आन बाईंना बोलाव. आत, पयल्या रांगंत बसायचं म्हनावं.” कोंडिबा दोन पावलं गेला आणि वळला. “आन ते वासराचं वाक्य खोड. यंदाचं न्हाई ते.”

“गेल्या सालचं हाय, तात्या. गेल्या साली मी हितं ऐकायला आलतो.”

घरी जाऊन कोंडिबाने अनुसयेला एवढंच सांगितलं, की इतकी पानं पडलेली असताना गाईचं पान द्यायची अक्कल कुठून आली? ती म्हणाली, “आबा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठिपका दिसला न्हाई.” सारजाबाई म्हणाली, “मला दिसला व्हता. म्हनलं न्हेऊ दे. दिस माज्या ध्यानात हायेत.”

कोंडिबा एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिला. घरात त्याच्याशिवाय सगळ्यांना सगळं ठाऊक होतं!

रविवारी काला झाला. दहीहंडी फुटली, लाह्यांचा पाऊस पडला. पहिल्या रांगेत आनंदराव मांडी घालून बसले होते, शेजारच्या दोघांनी आधी अंग चोरलं, मग कीर्तन रंगलं तसं विसरले. मागच्या रांगेत कोंडिबा आणि वाल्मीक टाळ घेऊन उभे. टाळ वाजत होते, पण कोंडिबाचा डावा हात मध्येच आपोआप छातीपाशी जायचा, वीणा धरल्यासारखा, आणि रिकामा खाली यायचा. एकोणीस वर्षांची सवय. साखरपुडा तासाभरावर आला होता, सुपारी ताटात होती, आणि तरी त्या हाताला काही समजावता येत नव्हतं.

वाल्मीकने ते पाहिलं. त्याने नजर वळवली आणि ओठ हलवले.

“काय पुटपुटतोस?” कोंडिबाने लगेच विचारलं.

“रामकृष्ण हरी म्हन्तोय, तात्या.”

कोंडिबाने त्याच्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं.

“मोठ्यानं म्हन,” तो म्हणाला.